शिव्या ऐकल्या, पण मैदान सोडलं नाही! ४२ नंबरच्या जॅकी रॉबिन्सनची गोष्ट

दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये एक वेगळंच चित्र दिसतं. त्या दिवशी मैदानात उतरणारा प्रत्येक खेळाडू, मग तो कुठल्याही संघाचा असो, पाठीवर एकच नंबर घालून खेळतो. ४२. कोण कुठला खेळाडू हे ओळखणं टीव्हीसमोर बसलेल्याला अवघड जातं, पण त्या एका दिवसापुरती कुणाची तक्रार नसते. एरवी वर्षभर हा नंबर कुणालाच मिळत नाही. तो एका माणसाच्या नावावर कायमचा राखून ठेवलाय.

त्या माणसाचं नाव जॅकी रॉबिन्सन. त्याला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली. त्याच्या नावानं अमेरिकेत कॉलेजच्या पोरापोरींना शिष्यवृत्ती मिळते. गंमत म्हणजे, ती मिळवायला बेसबॉल खेळता यावाच लागतो असं नाही. आयुष्यात कधी बॅट हातात न धरलेली मुलंही ती घेऊन डॉक्टर, इंजिनिअर, वकील होतात. खेळाडूच्या नावाची शिष्यवृत्ती आणि खेळाची अट नाही, असं का? त्याचं उत्तर जॅकीच्या आयुष्यात आहे.

बटईच्या शेतावरचा जन्म

अमेरिकेच्या दक्षिण भागात जॉर्जिया नावाचं राज्य आहे. तिथल्या कैरो गावाजवळ ३१ जानेवारी १९१९ रोजी जॅकीचा जन्म झाला. पाच भावंडांत तो शेंडेफळ. आईचे वडील गुलामीत जन्मलेले. अमेरिकेत गुलामी कायद्यानं बंद झाली १८६५ साली. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं होतं. म्हणजे जॅकीच्या घराण्याच्या ज्या पिढीची बेडी तुटली, त्या पिढीची खबर आपल्या पुण्यापर्यंत पोचली होती.

पण कायदा बदलला म्हणून जमीन नावावर होत नाही. जॅकीचा बाप जेरी एका गोऱ्या जमीनदाराकडे महिना १२ डॉलरवर राबत होता. सालगड्यासारखंच म्हणा. आई मॅली हुशार. एवढ्यात भागणार नाही, बटईनं जमीन मागून घ्या, असं तिनं नवऱ्याच्या मागं लागून करवून घेतलं. निम्मं पीक मालकाचं, निम्मं आपलं. घरात चार दाणे जास्त यायला लागले. पण जॅकी तान्हा असतानाच बाप घर सोडून गेला, तो परत आलाच नाही.

बाई एकटी, पदरात पाच पोरं, आणि जमीनदाराची नाराजी. मॅलीनं १९२० च्या मे महिन्यात पोरांना घेऊन रेल्वे गाठली आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहरात भावाच्या आसऱ्याला गेली. तिथं तिनं गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक केला. दोन वर्षांत पेपर स्ट्रीट नावाच्या गल्लीत घर घेतलं. गल्ली सगळी गोऱ्यांची. या कुटुंबाला हुसकावून लावायला शेजाऱ्यांनी अर्ज फिरवले. मॅली हलली नाही. भांडलीही नाही. ती आपलं काम करत राहिली आणि घर टिकवून राहिली.

शाळेबाहेरच्या वाळूतलं पोर

मॅली पहाटे कामावर जायची. घरी जॅकीला सांभाळायला कुणी नाही. मग थोरली बहीण विला मे त्याला आपल्याबरोबर शाळेत न्यायची. त्याचं वय बसत नव्हतं, म्हणून वर्गात घेत नव्हते. बाईंची परवानगी काढून ती त्याला शाळेच्या आवारातल्या वाळूच्या खेळण्यात बसवायची आणि वर्गाच्या खिडकीतून लक्ष ठेवायची. जवळपास वर्षभर हे पोर शाळेच्या बाहेर वाळूत खेळलं. आपल्याकडं ऊसतोडीच्या फडावर थोरल्या बहिणीच्या कडेवर वाढलेली पोरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

जॅकी आठेक वर्षांचा असताना दारासमोर झाडत होता. समोरच्या गोऱ्या पोरीनं रंगावरून शिवी हासडली. यानं उलट सुनावलं. मग तिचा बाप बाहेर आला आणि एका पोरावर दगड भिरकावू लागला. जॅकीनंही दगड उचलले. शेवटी त्या माणसाच्या बायकोनंच बाहेर येऊन नवऱ्याला आवरलं.

शहरातल्या पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीय पोरांना आठवड्यातून एकच दिवस मुभा होती, मंगळवार. सिनेमागृहातही वेगळी जागा. दक्षिणेतून पळून आलेल्या मॅलीला इथंही तेच सोसावं लागलं.

थोरला भाऊ मॅक तर जबरदस्त धावपटू. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये २०० मीटरच्या शर्यतीत त्यानं रौप्यपदक जिंकलं. पुढं होता तो जगप्रसिद्ध जेसी ओवेन्स, आणि दोघांत अंतर होतं अवघं ०.४ सेकंदांचं. असं पदक घेऊन मॅक गावी आला, तर नगरपालिकेनं त्याला काम दिलं रस्ते झाडायचं. ऑलिम्पिकचं जाकीट अंगात घालून तो झाडू मारायचा. धाकट्या जॅकीनं हे डोळ्यांनी पाहिलं. नुसत्या पदकानं माणसाची किंमत वाढत नाही, हे त्याला तेव्हाच कळलं.

गॅरेजवाला आणि तरुण पाद्री

जॅकी फार सरळमार्गी होता असं मात्र नाही. पेपर स्ट्रीटवर पोरांची एक टोळी होती. कृष्णवर्णीय, जपानी, मेक्सिकन, सगळी गरिबाघरची. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांवर ढेकळं मारायची, फळवाल्याची फळं लांबवायची, गोल्फच्या मैदानावरचे चेंडू पळवून त्याच लोकांना विकायचे. पोलिसांनी दोनचार वेळा ठाण्यात बसवून दम दिला. तालुक्याच्या ठिकाणी एसटी स्टँडवर दिवसभर घुटमळणारी पोरं असतात, तसलंच हे प्रकरण.

त्याच भागात कार्ल अँडरसन नावाचा एक गॅरेजवाला होता. त्यानं या पोराला बाजूला घेऊन समजावलं. टोळीच्या मागं जायला काही धाडस लागत नाही, वेगळं राहायला लागतं, आणि असंच चाललं तर सगळ्यात जास्त त्रास तुझ्या आईला होणार, एवढाच त्याच्या बोलण्याचा अर्थ. जॅकीनं टोळीतून अंग काढून घेतलं.

पुढं कार्ल डाउन्स नावाचा तरुण पाद्री भेटला. यानं चर्चमध्ये नुसतं प्रवचन न देता पोरांसाठी खेळ सुरू केले, त्यांच्यात मिसळला. जॅकी त्याच्याजवळ मन मोकळं करायला लागला. शनिवारी फुटबॉलमध्ये अंग ठेचून घेतलं तरी रविवारी सकाळी तो चर्चमध्ये लहान पोरांना शिकवायला हजर असायचा.

एक आई, एक गॅरेजवाला, एक पाद्री. जॅकीच्या पाठीशी तेव्हा मोठं म्हणावं असं कुणी नव्हतं. ही तीन माणसं होती, आणि ती वेळेवर भेटली.

खेळात तर तो अफाट होता. शाळेत आणि ज्युनियर कॉलेजमध्ये बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल, धावणं-उड्या, सगळीकडं पुढं. १९३९ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात गेला आणि चार वेगवेगळ्या खेळांत विद्यापीठाचं मानचिन्ह मिळवणारा तिथला पहिला विद्यार्थी ठरला. नवल म्हणजे या चारांत त्याची सगळ्यात कच्ची कामगिरी बेसबॉलमध्ये होती. तिथंच त्याला रेचल इसम भेटली. ती नर्सिंग शिकत होती. शांत, पण मनानं पक्की.

पण पदवी काही हातात पडली नाही. आई अजून लोकांच्या घरी राबत होती. कृष्णवर्णीय माणसानं कितीही शिकलं तरी नोकरी कोण देणार, असं वाटून १९४१ मध्ये शेवटचे काही महिने राहिले असताना त्यानं विद्यापीठ सोडलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचा संबंध येणार आहे.

बसमधली जागा

दुसरं महायुद्ध पेटलं होतं. १९४२ मध्ये जॅकी सैन्यात भरती झाला आणि पुढच्या वर्षी अधिकारी झाला. ६ जुलै १९४४ ला टेक्सासमधल्या लष्करी तळावर तो बसमध्ये बसला. ड्रायव्हरनं त्याला मागच्या सीटवर जायला सांगितलं, कारण पुढच्या जागा गोऱ्यांच्या. पण लष्कराच्या बसमध्ये असा भेदभाव चालणार नाही, असा हुकूम निघालेला होता आणि जॅकीला तो माहीत होता. तो जागचा उठला नाही.

प्रकरण लष्करी न्यायालयात गेलं. दोषी ठरला असता तर नाव कायमचं बदनाम झालं असतं. पण २ ऑगस्ट १९४४ रोजी तो निर्दोष सुटला. या सगळ्यात त्याची तुकडी युरोपात लढायला निघून गेली होती. वर्ष संपायच्या आत तो सन्मानानं सैन्यातून बाहेर पडला.

म्हणजे जॅकी हा मुळात सोसून घेणारा माणूस नव्हता. अन्याय दिसला की त्याचं डोकं तापायचं. पुढं जे घडलं त्याची खरी किंमत यावरून कळते.

तीन तासांची परीक्षा

बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा लांबचा भाऊबंद. मैदानात चार कोपरे असतात, त्यांना बेस म्हणतात. चेंडू टोलवायचा, एकेक बेस गाठत पळायचं आणि फिरून मूळ जागी आलं की एक रन. अमेरिकेत या खेळाचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटएवढंच. पण तिथल्या मोठ्या लीगमध्ये जवळपास साठ वर्षं एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला जागा मिळाली नव्हती. कुठं नियम लिहिलेला नव्हता. पण गावात पाणवठ्याचे नियम कुठं लिहिलेले असायचे? सगळ्यांना ते ठाऊक असायचे, तसंच हे.

कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीग होत्या. १९४५ मध्ये जॅकी त्यातल्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघातून महिना ४०० डॉलरवर खेळत होता. तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्स संघाचा कारभारी ब्रँच रिकी एका माणसाच्या शोधात होता. रंगाची भिंत मोडायची त्यानं ठरवलं होतं. मनात न्यायाची चाड होती, आणि नवे प्रेक्षक, नवा पैसा येईल हा हिशोबही होता.

२८ ऑगस्ट १९४५ ला रिकीनं जॅकीला कचेरीत बोलावलं. जवळपास तीन तास बैठक चालली. रिकीनं नाटकच केलं म्हणा. कधी तो उर्मट हॉटेलवाला झाला, कधी शिव्या देणारा खेळाडू, कधी अंगावर धावून येणारा प्रेक्षक. हे सगळं तुझ्या वाट्याला येणार आहे, तेव्हा तू काय करशील, हे त्याला पाहायचं होतं. त्याला उलट मारणारा माणूस नको होता. न मारण्याइतका खंबीर माणूस हवा होता. जॅकीनं एक हात उगारला असता, तर सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, आम्ही म्हणत नव्हतो का! आणि दार पुन्हा कित्येक वर्षं बंद झालं असतं.

बसमधून न उठलेल्या माणसानं शब्द दिला. काहीही झालं तरी उलट उत्तर देणार नाही.

१० फेब्रुवारी १९४६ ला जॅकी आणि रेचलचं लग्न झालं. लग्न लावायला पाद्री कार्ल डाउन्सच आला होता. लगेच दोघं सरावासाठी फ्लोरिडाला निघाले. वाटेत विमानातून उतरवलं, पुढं बसमध्ये मागच्या बाकावर पाठवलं. नवी नवरी बरोबर, आणि जॅकीला गप्प बसायचं होतं. फ्लोरिडातल्या एका गावातून धमक्यांमुळं रातोरात निघावं लागलं, एका शहरात तर मैदानाला कुलूप लावलं.

ते वर्ष तो डॉजर्सच्या हाताखालच्या माँट्रियल संघातून, कॅनडात खेळला. १८ एप्रिल १९४६ च्या पहिल्याच सामन्यात चार यशस्वी फटके, त्यात एक होमरन. वर्षअखेर लीगमधला सगळ्यात सरस फलंदाज तोच. संघानं किताब जिंकला तेव्हा माँट्रियलचे लोक त्याला खांद्यावर घ्यायला रस्त्यातून मागं धावले. गोऱ्यांचा जमाव कृष्णवर्णीय माणसामागं धावतोय, आणि तो मारायला नव्हे, मायेपोटी. अमेरिकेतल्या माणसाला हे नवीन होतं.

१५ एप्रिल १९४७

हाच तो दिवस. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावर सुमारे २६ हजार लोक. त्यात निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय असावेत असा अंदाज होता. २८ वर्षांचा जॅकी ४२ नंबर घालून मैदानात उतरला. त्या दिवशी त्याला एकही नीट फटका बसला नाही, पण सातव्या डावात पळून त्यानं काढलेली रन संघाला पुढं घेऊन गेली आणि डॉजर्स जिंकले. आकड्यात पाहिलं तर साधा दिवस. पण साठ वर्षांची भिंत त्या दिवशी पडली.

त्याआधीच त्याच्या स्वतःच्या संघातल्या काहींनी, याच्याबरोबर आम्ही खेळणार नाही, असा अर्ज काढला होता. दक्षिणेतल्या केंटकी राज्यातून आलेला पी वी रीस हा त्यांच्यातलाच वाटायचा. त्यानं सही करायला नकार दिला. अर्ज बारगळला.

आठवड्याभरात फिलाडेल्फियाचा संघ खेळायला आला. त्यांचा प्रशिक्षक बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू मैदानाच्या कडेला बसून जॅकीला रंगावरून इतक्या घाण शिव्या देत होते की तो दिवस आपल्याला जवळजवळ मोडून गेला, असं त्यानं पुढं कबूल केलं. बॅट टाकून द्यावी, जाऊन एकेकाला धरावं, असं त्याला वाटलं. तो जागेवरच उभा राहिला. शेवटी त्याच्याच संघातला एक गोरा खेळाडू एडी स्टँकी चॅपमनच्या माणसांवर उखडला. उलट बोलू न शकणाऱ्याला शिव्या कसल्या देता, असा त्याचा रोख होता. जॅकी गप्प राहिला, म्हणूनच बाकीच्यांना बोलावं लागलं.

त्या मोसमात पिचरनं फेकलेला चेंडू नऊ वेळा त्याच्या अंगावर आदळला. एकानं बुटाच्या खिळ्यांनी पाय चिरला. घरी धमकीची पत्रं यायची. सेंट लुईसच्या संघात संपाची भाषा सुरू झाली, तेव्हा लीगच्या अध्यक्षानं ताकीद दिली की जो खेळणार नाही त्याला बाहेर काढू.

जॅकीनं उत्तर दिलं ते पायांनी. बेसबॉलमध्ये पिचरची नजर चुकवून पुढचा बेस पळत गाठायचा, त्याला बेस चोरणं म्हणतात. त्या वर्षी त्यानं २९ बेस चोरले, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. ज्यानं शिव्या दिल्या त्या चॅपमनबरोबर लोकांसाठी फोटो काढायची वेळ आली, तेव्हा कडू घोट गिळून तो तेही करून आला. रोज सामना संपल्यावर मनातलं सगळं तो सांगायचा ते फक्त रेचलपाशी.

तोंड उघडलं तेव्हा

१९४९ पर्यंत रिकीनं त्याला शब्दातून मोकळं केलं. आता तो पंचाशी वाद घालायचा, शिवी देणाऱ्याला सुनवायचा. त्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फलंदाजीची सरासरी .३४२, म्हणजे शंभरातले चौतीस फटके यशस्वी. या खेळात तीस म्हणजेच उत्तम मानतात. पण गंमत बघा, गप्प होता तोवर ज्यांनी कौतुक केलं, त्यातलेच काही आता त्याला माजलाय म्हणू लागले. सोसणारा माणूस लोकांना आवडतो, हक्क मागणारा खुपतो. हे सगळीकडं सारखंच.

१९५५ मध्ये ३६ व्या वर्षी, पाय जड झालेले असताना, अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात त्यानं थेट शेवटचा बेस चोरला. त्या वर्षी ब्रुकलिननं न्यूयॉर्क यँकीजला हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. दहा मोसम खेळून तो १९५७ च्या सुरुवातीला निवृत्त झाला. १९६२ मध्ये बेसबॉलच्या मानाच्या दालनात, हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. तिथवर पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय.

निवृत्तीनंतर तो एका कॉफी कंपनीत उपाध्यक्ष झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीत उतरला. तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांच्या जामिनासाठी कनेक्टिकटमधल्या आपल्या घराच्या अंगणात गाण्याचे कार्यक्रम ठेवून पैसे उभे केले. कृष्णवर्णीयांना कर्ज मिळत नव्हतं, म्हणून हार्लेममध्ये बँक उभारण्यात पुढाकार घेतला. गरिबांसाठी घरं बांधणारी कंपनी काढली.

चुकाही झाल्या. १९४९ मध्ये संसदेच्या समितीपुढं त्यानं पॉल रोबसन या गायकाच्या विरोधात साक्ष दिली होती. रोबसनही कृष्णवर्णीयांच्या हक्कासाठीच झगडत होता. म्हातारपणाआधीच जॅकीला त्याची बोच लागली. आज ती साक्ष दिली नसती, असं त्यानं आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहिलं. १९६० च्या निवडणुकीत निक्सनला दिलेल्या पाठिंब्याचाही त्याला पुढं पश्चात्ताप झाला.

घरातलं दुःख

बाहेर भिंती पाडणाऱ्या या माणसाला घरात मात्र एक भिंत पाडता आली नाही. थोरला मुलगा जॅकी ज्युनियर. बापाचंच नाव. त्या नावाचं ओझं पोराला पेललं नाही. अभ्यासात मन नाही, बापाशी बोलणं नाही. व्हिएतनामच्या लढाईवर गेला, जखमी होऊन आला, आणि अंमली पदार्थांच्या नादी लागला. १९६८ मध्ये पोलिसांनी पकडलं. लाखो लोकांचा आदर्श असलेला बाप कॅमेऱ्यांसमोर पोलीस ठाण्यात उभा होता.

पण पोरगं सावरलं. डेटॉप नावाच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून बाहेर पडलं, आणि तिथंच इतरांना सोडवायच्या कामाला लागलं. १९७० मध्ये रॉबिन्सन कुटुंबानं केंद्रातल्या सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. निरोप घेताना बापानं हात पुढं केला. पोरानं तो हात बाजूला सारून बापाला मिठी मारली. कितीतरी वर्षांनी.

१७ जून १९७१ ला पहाटे मोटार अपघातात जॅकी ज्युनियर गेला. वय २४. केंद्राच्या मदतीसाठी तोच घरी गाण्याचा कार्यक्रम ठरवत होता. आईबापानं दुःख पोटात घालून तो कार्यक्रम पार पाडला.

जॅकीला मधुमेहानं पोखरलं होतं. केस पांढरे, चाल अडखळती, डोळ्यांना जवळपास दिसेना. १५ ऑक्टोबर १९७२ ला सिनसिनाटीत मोठ्या लीगनं त्याचा सत्कार केला. आभार मानता मानता त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की संघाचा प्रशिक्षक म्हणून कृष्णवर्णीय माणूस दिसेल त्या दिवशी आपल्याला जास्त आनंद होईल. सत्काराच्या दिवशीही त्यानं राहिलेलं काम दाखवून दिलं. नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, तो गेला. वय फक्त ५३. ब्रुकलिनच्या दफनभूमीत त्याला मुलाशेजारी ठेवलं. १९७५ मध्ये फ्रँक रॉबिन्सन हा, आडनाव तेच पण नात्यातला नव्हे, मोठ्या लीगचा पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाला.

रेचलनं काय केलं?

सव्वा वर्षात मुलगा आणि नवरा गेला. रेचल तेव्हा साधी गृहिणी नव्हती. मुलं मोठी झाल्यावर तिनं पुन्हा शिकून मानसोपचार नर्सिंगची पदवी घेतली होती आणि येल विद्यापीठात शिकवत होती. नवऱ्याचा पुतळा उभारून ती मोकळी होऊ शकली असती. तिनं १९७३ मध्ये जॅकी रॉबिन्सन फाउंडेशन काढलं. काम एकच, हुशार पण पैशानं अडलेल्या पोरापोरींना कॉलेजची पदवी मिळेपर्यंत सोडायचं नाही.

या शिष्यवृत्तीत नुसता चेक हातात देत नाहीत. पोरांना चार वर्षं एक जाणता माणूस मार्गदर्शक म्हणून जोडून देतात. वर्षातून एकदा सगळ्यांना न्यूयॉर्कला बोलावून चारचौघांत बोलावं कसं, पैसा सांभाळावा कसा, नोकरी शोधावी कशी, हे शिकवतात. निवड करताना गुणांबरोबर वागणं आणि पुढाकार बघतात. आणि एक पक्की अट, शिकता शिकता समाजासाठी काम करायचंच. त्यामुळं इथं आलेली जवळपास सगळी पोरं पदवी घेऊनच बाहेर पडतात. कॉलेज अर्धवट सोडावं लागलेल्या माणसाच्या नावावर कॉलेज पूर्ण केलेल्यांची एवढी मोठी रांग उभी आहे.

मुलगी शॅरन रॉबिन्सन हिनं १९९७ पासून शाळकरी पोरांसाठी निबंध स्पर्धा सुरू केली. विषय खेळाचा नाही. तुझ्या आयुष्यात कुठली अडचण आली आणि तू तिच्याशी कसा भिडलास, ते लिही. त्यासाठी वडिलांच्या जगण्यातून तिनं नऊ गुण काढले. धैर्य, निर्धार, चिकाटी, संघभावना, सचोटी, नागरिकपण, न्याय, बांधिलकी आणि उत्तम कामाचा ध्यास. कुणी पोर आजारपणावर लिहितं, कुणी आईबापाच्या ताटातुटीवर, कुणी वर्गात चिडवणाऱ्यांवर. मैदानावर शिकलेलं घरात, शाळेत, पुढं नोकरीत कामाला यावं, हा त्यामागचा विचार.

१९९७ मध्येच, पहिल्या सामन्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ४२ नंबर सगळ्या लीगमधून काढून जॅकीच्या नावावर राखून ठेवला. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं. फीत कापायला रेचल स्वतः आली होती. वय वर्षं शंभर.

आपल्या गावागावांतही चांगलं खेळणारी, चांगलं शिकणारी पोरं कमी नाहीत. कबड्डीच्या मैदानावर, तालमीत, टेनिस बॉलच्या स्पर्धेत ती रोज दिसतात. बक्षीस देऊन फोटो काढला की आपलं काम संपतं असं आपल्याला वाटतं. मॅक रॉबिन्सनला तर ऑलिम्पिकचं पदक मिळालं होतं, तरी हातात झाडूच आला. जॅकी वाचला तो गुणांमुळं, आणि वेळेवर भेटलेल्या माणसांमुळंही. बाजूला घेऊन बोलणारा गॅरेजवाला, ऐकून घेणारा पाद्री, रोजचं दुःख वाटून घेणारी बायको, खिडकीतून लक्ष ठेवणारी बहीण. ही शिष्यवृत्ती म्हणजे तशी माणसं ठरवून उभी करण्याची सोय आहे.

कधीकाळी शाळेबाहेरच्या वाळूत बसलेल्या त्या पोराच्या नावानं आज दरवर्षी नवी पोरं कॉलेजच्या दारातून आत जातात. त्यातली काही त्यांच्या घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच असतात. १५ एप्रिलला सगळ्यांच्या पाठीवर दिसणारा ४२ चा आकडा त्यांच्याही पाठीवर असतो, फक्त तो दिसत नाही.